नखाची खाच

पाडव्याच्या सकाळी शकुबाईनं चुलीवरचं आधण उतरवलं, पदराला हात पुसले आणि खुंटीवर टांगलेल्या सासऱ्यांच्या सदऱ्यातून चाकू काढला. बोटाएवढा मिटता चाकू. सांबराच्या शिंगाची मूठ, तीही अंगठ्याखाली झिजून गुळगुळीत झालेली. पात्याच्या पाठीवर नख घालायला एक बारीक खाच होती. तिनं खाचेत नख अडकवून पातं अर्धं उघडलं आणि चाकू तसाच विहिरीच्या काठावर, कडुनिंबाच्या काडीशेजारी ठेवून दिला.

गावात अमृतरावांना या चाकूशिवाय कुणी पाहिलं नव्हतं. वांग्याचं देठ कापायचं असो, भाजीच्या पोत्याची सुतळी तोडायची असो, बैलाच्या खुरात रुतलेला काटा असो, त्यांचा हात आपोआप खिशाकडं जायचा. शेजारच्या बायका घरात विळी असताना पोरांना जांब, म्हणजे पेरू, कापून घ्यायला त्यांच्याकडं पाठवायच्या, कारण ते सगळ्या फोडी सारख्या करत आणि वर तिखट-मीठही लावून देत.

नागपंचमीच्या सुमाराला एका सकाळी त्यांच्या हातातून चहाची बशी पडली आणि जीभ जड पडली. दुपारपर्यंत जीभ सैल झाली, बोलणं ताळ्यावर आलं, पण उजवा हात आला नाही. बोटं जागेवर होती, हलतही होती थोडी, पण त्यांना स्पर्शच कळत नव्हता. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी शकुबाई शेण काढायला गोठ्यामागं गेली तेव्हा अमृतराव चाकू दातांत धरून उघडायचा प्रयत्न करत होते. ओठाला रक्त आलं होतं. तिला पाहून ते लहान मुलासारखे ओशाळले.

"शकू, कोनाले सांगू नको," ते म्हणाले होते. "सुधाकराले तं बिलकूल नाई. अन् उत्तमालेही नाई. त्याच्या पोटात काई राह्यत नाई."

तेव्हापासून ती रोज चाकू उघडून ठेवत होती. तिचे यजमान उत्तमराव उजाडायच्या आत भाजीची गाडी घेऊन आदिलाबादच्या बाजारात जात, परतत ते थेट वावरात. बाप सदऱ्याच्या खिशात हात घालून बसतो, डाव्या हातानं काडी तासतो, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. बापाला शकुबाई आधीच वेगळं जेवायला वाढायची.

अमृतराव काठावर येऊन बसले. डाव्या हातानं चाकू उचलला आणि पातं दगडाच्या कडेला अडकवून तो पुरता उघडला.

"काई बोलला का तो?" त्यांनी हळूच विचारलं.

'तो' म्हणजे त्यांचे थोरले चिरंजीव सुधाकरराव. आदिलाबादच्या शाळेत मराठीचे मास्तर. बायकोला, मथुराबाईला घेऊन काल संध्याकाळीच दिवाळीला आले होते.

"जाऊबाईशी बोलून राह्यले होते," शकुबाई म्हणाली. "निर्मल गावच्या त्या चंपतराव मास्तराचं. तो म्हने मूळचा बीडकडचा हाय. त्याले तिकडं जायाचंच हाय. याहीनं हाव म्हटलं की दोघायचे हुकूम अदलाबदल होतेत, तो बीडले जाते अन् हे इकडंच राह्यतेत. सन संपून दफ्तर उघडलं की जबाब द्या लागते."

अमृतरावांचा हात थांबला. "म्हंजे जाऊन नाई राह्यला तो."

"तुमी संगं येसान तं जातो म्हन्तेत."

"अन् मी नाई गेलो तं इथंच राह्यते." त्यांनी काडी तोंडात घातली, पुन्हा काढली. "आजचा दिवस निभव, शकू. एकदा हेडमास्तराच्या खुर्चीत बसला, की मग काय कळाचं ते कळू दे."

परवाच हैदराबादचं राज्य संपलं होतं. राजुरा, किनवट, बीड मुंबई राज्यात गेले, आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिलं. मराठी मास्तरांना कुठं जाणार ते आधीच विचारलं होतं, आणि सुधाकररावांच्या नावानं बीडकडच्या एका नव्या हायस्कुलाचा हुकूम आला होता. घरात पहिल्यांदाच कुणी हेडमास्तर होणार होता.

*

मथुराबाईला बीड नको होतं. तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं, पण नवऱ्याला माहीत होतं, कारण गेले कितीतरी दिवस ती पोळ्या लाटतानाही रडत होती. आदिलाबादला तिची आई एकटी होती. शेजारच्या तेलुगू बाईशी तिचं असं जमलं होतं की दोघी एकमेकींची भाषा मोडकीतोडकी बोलून तासन् तास बसत. बीडकडं म्हणे पाण्यालाही लांब जावं लागतं.

ती सैपाकघरात शकूला करंज्या काढू लागली. बाहेर ओट्यावर दोघं भाऊ बोलत होते आणि आवाज चढत चालले होते.

"बाबा माह्यासंग येतीन," सुधाकरराव म्हणत होते. "थोरला मी हाय."

"थोरला हायेस तं हायेस, दादा. पन बाबा तिथं काय करतीन? तुह्या शाळेत बसतीन?" उत्तमराव म्हणाले. "इथं वावर हाय, इहीर हाय, चार मानसं ओळखीची हाय. तिथं त्यायले हाक माराले कोनी नाई."

"मी नाई का?"

"तू दिवसभर शाळेत."

"मंग मी जातच नाई. चंपतराव तयारच हाय."

मथुराबाईच्या हातातला झारा क्षणभर थांबला. तिला आपल्या मनात आलेल्या आनंदाची लाज वाटली, पण आनंद झाला होता हे खरं.

चहा द्यायला ती ओट्यावर गेली. सासऱ्यांपुढं बशी धरली. त्यांनी डाव्या हातानं घेतली. उजवा हात खिशात होता. दुसऱ्या बशीच्या वेळीही खिशातच होता. मथुराबाईच्या वडिलांचं शेवटचं वर्ष असंच गेलं होतं. खांदा असा जरासा उतरलेला तिनं ओळखला. घरात येऊन तिनं दार लोटलं.

"शकू, मामाजीचा हात गेला न?"

शकुबाईनं मान वर केली नाही. "नाई बाई. थंडीनं आखडला असंल."

"माह्याकडं पाह्य. सकाळी तू चाकू उघडून ठेवला इहिरीवर. मी पाह्यलं. मले वाटलं पोरीले खेळ सुचून राह्यला."

शकूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "बाई, तुमच्या पाया पडते. भासऱ्यायले सांगू नका. त्यायले कळलं तं ते जानार नाई. मामाजीचं तेच भेव हाय. रात्रंदिवस तेच."

"अन् उत्तमभाऊजी?"

"त्यायलेही ठाव नाई."

मथुराबाई पाटावर बसली. कढईतली करंजी काळी पडू लागली, ती शकूनं काढली. एक शब्द पुरेसा होता. आत्ता ओट्यावर जाऊन नवऱ्याला सांगायचं, तुमच्या बापाचा हात गेला. मग बीड नाही, सामान बांधणं नाही, आईला सोडून जाणं नाही. आणि ते खोटंही नव्हतं. उलट न सांगणं हेच खोटं होतं.

"तुले एवढे दिवस कसं जमलं?" तिनं विचारलं.

"जमलं कसं? रोज वाटे आज कळंल." शकूनं नाक पुसलं. "मामाजी चाकू घेतात न हातात, तवा त्यायचं तोंड पाह्यलं का तुमी? बाकी टायमाले ते बुढे दिसतात. तेवढ्या टायमाले नाई दिसत."

*

पाडव्याला फराळ झाल्यावर विहिरीजवळच्या झाडाचा पहिला पिकला जांब घरात कापायचा, हा या घराचा रिवाज होता. फार जुना नव्हे. अमृतरावांच्या बायकोनं ते झाड लावलं आणि पहिल्या फळापासून तो सुरू झाला. जांब एकच, घरातल्या माणसांइतक्या त्याच्या फोडी. अमृतराव कापत आणि प्रत्येकाच्या हातावर ठेवत. बायको गेली त्या वर्षीही त्यांनी कापला होता.

सगळे ओट्यावर बसले. दूर गोंडांच्या पाड्यावर दंडारीच्या नाचाचे ढोल वाजत होते. शकुबाईनं ताटलीत जांब आणला, सासऱ्यांसमोर ठेवला, आणि तिचं लक्ष शेजारच्या चाकूकडं गेलं. तिनं तो अर्धा उघडून ठेवला होता. आता तो मिटलेला होता.

"मीच घेतला होता," तिची नजर पाहून उत्तमराव सहज म्हणाले. "गाडीची दोरी कापाले. पातं मिटून ठेवलं, कोनाले लागंल म्हनून."

अमृतरावांनी चाकू डाव्या हातात घेतला. उजवा हात खिशातून काढावा लागला. तो त्यांनी मांडीवर ठेवला, जणू दुसऱ्या कुणाचा हात जपून खाली ठेवावा तसा. मग त्याच हाताचा अंगठा खाचेवर नेला. नख खाचेवरून घसरलं. सवय नसलेल्या डाव्या अंगठ्याला खाच सापडतच नव्हती. आयुष्यभर अंधारातही सापडलेली ती खाच आता कुठं आहे हे डोळ्यांनी पाहावं लागत होतं, आणि डोळ्यांनी पाहूनही अंगठा तिथं जात नव्हता. पुन्हा घसरलं. थोरल्याची नजर आपल्यावर आहे हे त्यांना न बघताही कळत होतं. देवा, एवढा एक वेळ, ते मनात म्हणाले.

"आना इकडं, मामाजी."

मथुराबाई उठून समोर आली होती. तिनं हसत हसत चाकू त्यांच्या हातातून काढून घेतला.

"आज मी कापते. दरसाल तुमच्या हातचं खाल्लं. आता मी परक्या मुलखात चालली, तं जाता जाता माह्या हातचं खाऊन पाहा."

तिनं पातं उघडलं आणि जांब चिरला. फोडी लहानमोठ्या झाल्या.

सुधाकरराव बायकोकडं पाहत राहिले. चालली? काल रात्रीपर्यंत ही उशीत तोंड खुपसून पडली होती. "तू येतेस बीडले?" त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं.

"मंग तुमाले एकट्याले पाठवू? सैपाक कोन करंल?"

"अन् तुही आई?"

"आई येईन सुट्टीत. न्यायची आपन." तिचा आवाज जरा फाटला, पण तिनं मान खाली घालून फोडी ताटलीत लावल्या. "हेडमास्तर होऊन राह्यले, अन् बायकोपायी अडले, असं म्हनाले नको कोनी."

शकुबाई दाराआडून तिच्याकडं बघत होती. तिला धावत जाऊन त्या बाईच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

सुधाकररावांनी ताटलीतली पहिली फोड उचलली आणि वडिलांपुढं धरली. "घ्या बाबा. आज तुमाले पह्यली."

अमृतरावांनी हात पुढं केला. डावा.

लहानपणी प्रसादाला डावा हात पुढं केला म्हणून दोघा भावांनी याच ओट्यावर पाठीत धपाटे खाल्ले होते. सुधाकरराव फोड धरून तसेच थांबले. अमृतरावांच्याही लक्षात आलं, पण हात मागं घ्यायला उशीर झाला होता.

"बाबा, उजवा."

सुधाकररावांनी फोड ठेवून दिली, गुडघ्यांवर सरकत जवळ आले आणि मांडीवरचा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. हात गार होता. त्यांनी बोटं दाबली, एकेक करून सगळी.

"लागते का?"

"नाई."

"हे?"

"नाई रे."

"कधीपासून?"

"नागपंचमी."

उत्तमराव ताडकन उठले. "नागपंचमी? मी इथंच राह्यतो, बाबा! एका घरात राह्यतो मी!" मग त्यांनी दाराकडं पाहिलं, बायकोचा चेहरा पाहिला, आणि सगळं समजले. "तुले ठाव होतं. माह्या घरात, अन् मलेच ठाव नाई."

"तिच्यावर चिडू नको," अमृतराव म्हणाले. "मी शपथ घातली तिले. तिनं पोरीसारखं केलं माह्यासाठी. पोरगीही नाई करत एवढं."

"मी चाल्लोच नाई," सुधाकरराव म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "संपलं. उद्या चंपतरावाले निरोप धाडतो."

"सुधाकर."

"नाई बाबा. तुमी असे, अन् मी तिकडं खुर्चीवर बसू?"

"ऐकून तं घे." अमृतरावांनी डावा हात मुलाच्या हातांवर ठेवला. "निजामाच्या शेवटच्या साली सारं गाव पैनगंगेपल्याड पळालं. धावपळीत माहा पाय मोडला. तू अमरावतीले शिकत होतास. निरोप भेटला अन् शिक्षन टाकून आलास. मले खांद्यावर घेऊन दवाखान्यात नेलं. पुन्हा गेला नाईस."

"मंग? चुकलं का माहं?"

"नाई. पन पाय बरा झाला, माहा जीव नाई बरा झाला. तू मास्तर झालास, मी सगळ्यायले सांगत फिरलो, माहा पोरगा मास्तर. पन मनात म्हने, याले तं मोठं व्हाचं होतं. माह्या पायापायी राह्यलं. आता हातापायी राह्यलास, तं हा हात मले रोज दिसंल, सुधाकर. डोळे मिटेपर्यंत दिसंल. तेवढं नको करू माह्यावर."

उत्तमराव हळूहळू खाली बसले. आता त्यांचा आवाज वेगळा होता.

"दादा, तू जाय. मी भांडत होतो ते बाबायसाठी नाई. मले वाटे, तू बाबायले नेशीन, अन् मंग या घराकडं येशीनच काऊन? तू येत राहा, बस. बाबायले मी पाह्यतो. आता तं मले ठाव हाय."

सुधाकररावांनी वडिलांचा उजवा हात पुन्हा त्यांच्या मांडीवर नीट ठेवला. मग म्हणाले, "जातो. पन आधी आपन तिघं नागपूरच्या दवाखान्यात जाऊ. अन् डाक्टर म्हनंल ते कराचं, बाबा. लपवाचं नाई."

"नाई लपवत."

"शपथ?"

"शपथ."

मथुराबाईनं ताटली उचलली आणि सासऱ्यांच्या तोंडात आपल्या हातानं फोड घातली. अमृतरावांनी मुकाट खाल्ली.

"मीठ कमी हाय," ते म्हणाले, आणि रडता रडता सगळेच हसले.

*

नागपूरच्या डॉक्टरनं तेल चोळायला सांगितलं, रबरी चेंडू दाबायला सांगितला, आणि हात पहिल्यासारखा होणार नाही हेही सांगितलं. परत आल्यावर निघायच्या आधीचे चार दिवस सुधाकररावांनी गावातच काढले.

रोज दुपारी ते वडिलांना घेऊन विहिरीवर बसत. त्यांच्या शाळेत एक मुलगी डाव्या हातानं लिहायची. तिला त्यांनी कधी हात बदलायला लावला नव्हता. पाटी तिरकी धरायला तेवढं शिकवलं होतं. तसंच त्यांनी आता केलं. चाकूची मूठ दोन गुडघ्यांत घट्ट धरायची, खाच आपल्याकडं, आणि डाव्या अंगठ्याचं नख वरून घालायचं.

"घाई नको, बाबा. आधी खाच सापडू द्या."

"मास्तर, छडी कुठी हाय तुमची?"

"आनू का?"

पहिल्या दिवशी पातं हललंच नाही. उत्तमराव वावरातून आले, त्यांनी बिजागरीत करडईच्या तेलाचे थेंब सोडले आणि शेजारी बसून राहिले. दुसऱ्या दिवशी नख तुटलं. तिसऱ्या दिवशी, दोन्ही मुलं वाकून बघत असताना, पातं कुरकुरत वर आलं, थांबलं, आणि टक् करून पुरतं उघडलं. अमृतरावांनी दोघांच्या तोंडाकडं आळीपाळीनं पाहिलं. मग कुणाला काही कापून हवं आहे का ते विचारलं. कुणालाच काही नको होतं. शेवटी त्यांनी उत्तमरावांच्या बाहीचा लोंबता धागा कापला. बाहीलाही जरासं भोक पडलं.

आदिलाबादच्या स्टेशनावर गाडी लागली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. पाट्यांवर मराठी, तेलुगू, उर्दू अक्षरं होती आणि हमालांची हाकाटीही तशीच मिसळलेली. मथुराबाईची आई खिडकीचा गज धरून उभी होती. उत्तमराव ट्रंका चढवून खाली उतरले. अमृतराव बाकावर बसले होते. मुलगा पाया पडला तेव्हा त्यांनी डाव्या हातानं उजवा उचलून त्याच्या डोक्यावर ठेवला आणि त्यावर डावा.

गार्डानं शिटी दिली. सुधाकरराव दारात उभे राहिले, पण त्यांची नजर पुन्हा पुन्हा बाकाकडं जात होती. एक पाय अजून पायरीवरच होता.

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, शकुबाई भासऱ्यांसमोर, म्हणजे थोरल्या दिरांसमोर, कधी तोंड वर करून उभी राहिली नव्हती, की त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. काही सांगायचं तर नवऱ्याकडून, नाहीतर बाईंकडून. ती आता गर्दीतून पुढं आली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि मान वर करून सरळ त्यांच्याकडं पाहिलं.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुमी निर्धास्त जा. मी हाय न."

उत्तमराव थक्क होऊन बायकोकडं बघत राहिले. खिडकीतून मथुराबाईनं हात बाहेर काढला आणि शकूचा हात घट्ट धरला. शाळेत सुधाकरराव तासभर न थांबता बोलत.

"हाव, शकुबाई," ते एवढंच म्हणाले, आणि दुसरा पाय आत घेतला.